पश्चिम किनाऱ्याचं जॅझ आणि आंधळगावचा सॅक्सोफोन

काका परत आले तेव्हा मी शाळेत शिकवून येऊन अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होते. फाटकाशी ऑटो थांबला. आतून एक वाळलेला म्हातारा उतरला. अंगात जीन्स, पायात पांढरे बूट, खांद्याला बॅग. मग त्यानं ऑटोच्या मागच्या बाजूनं एक काळी पेटी काढली. लांबट, एका टोकाला फुगीर. तिची कडी तुटलेली होती म्हणून ती नायलॉनच्या दोरीनं बांधली होती.

"दादा हाय का घरी?" त्यानं विचारलं.

बाबांना दादा म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं. मी त्याच्या तोंडाकडं पाहायच्या आधी पेटीकडं पाहिलं. आमच्या घरात वाढलेल्या कुणीही तेच केलं असतं.

आंधळगावात बाबांची बँड पार्टी होती. बाबा क्लॅरिनेट वाजवायचे आणि मास्तरही तेच. लग्नं, वराती आणि जयंतीची मिरवणूक. आजूबाजूच्या सगळ्या गावांत आमचाच बँड जायचा. त्यात एक टेनर सॅक्सोफोन होता. बँडमधल्या सगळ्यांनी मिळून तो नागपूरहून जुना आणला होता, म्हणजे तो कुणा एकाचा नव्हता. वाजवायचे मात्र काका, कारण तो त्यांच्यासारखा कुणालाच वाजवता येत नव्हता. मी इतकी लहान होते की मोठ्या ढोलावर मला बसवून ठेवायचे. एक दिवस काका आणि सॅक्सोफोन दोन्ही गावातून नाहीसे झाले. बाबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, माझ्या भावानं बाजा चोरला. पुढच्या लग्नसराईपर्यंत बँड मोडला. बाबा तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला लागले आणि घरात काकांचं नाव काढायचं नाही असा नियम झाला.

नियम होता, पण कधीमधी परदेशातून फोन यायचा. बाबा फोन घेऊन अंगणाच्या टोकाला जायचे. परत आले की म्हणायचे, "राँग नंबर." राँग नंबरशी माणूस इतका वेळ बोलतो का, ही शंका मला तेव्हापासूनची.

तर तो चोर आता दारात उभा होता. बाबा आतून आले. मला वाटलं, आता आवाज चढणार. बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हातपाय धुवून घे. जेवाले बस."

बोडीतली, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातली, मासळी केली होती. बाबांनी आपल्या ताटातला मोठा तुकडा उचलून काकांच्या भातावर ठेवला. मला खरा संशय आला तो तिथं. ज्याला आयुष्यभर चोर म्हटलं, त्याला असं कुणी वाढतं का?

आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. मी मोहाडीला शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. दोघांच्या घरात तिसरं माणूस आलं की त्याची प्रत्येक हालचाल दिसते. काका पेटी खाटेखाली उशाकडच्या बाजूला ठेवायचे. बसायचे ते दाराकडं तोंड करून. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की दोघं भाऊ बोलायचे थांबायचे. बँडमधलं कोण जिवंत आहे, कुठं राहतं, हे काकांनी पहिल्याच आठवड्यात मला दोनदा विचारलं.

"कायले पाहिजे तुम्हाले?" मी विचारलं.

"असंच," ते म्हणाले.

असंच कुणी काही विचारत नाही. मी मनाशी धरलं की हा माणूस घरातला हिस्सा मागायला आला आहे आणि त्याआधी जुन्या माणसांत आपलं नाव धुवून घेणार आहे.

काका सांगायचे की मुंबईच्या हॉटेलांत त्यांनी काही वर्षं वाजवलं, मग त्यांना जहाजावर काम मिळालं. मोठी प्रवासी जहाजं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुटणारी. जहाजावरच्या बँडमध्ये आपण होतो असं ते म्हणायचे. संध्याकाळी ते मोबाईलवर ते संगीत लावायचे आणि बाबा क्लॅरिनेटवाल्यासारखी मान तिरकी करून ऐकायचे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. एक ट्रम्पेट आणि एक जाड आवाजाचा सॅक्सोफोन. एक थोडं बोलायचा, मग दुसरा त्याच्यामधून वाट काढत काहीतरी वेगळंच बोलायचा. मागं ड्रमवर कुणीतरी झाडल्यासारखा आवाज करत होतं. कुणाला कसली घाई नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत कानठळ्या बसवणारं ट्रम्पेट ऐकून वाढलेली मी. मला ते ट्रम्पेटच वाटेना.

"हे वाजवून राहिले का वाजवाले भिऊन राहिले?" मी म्हटलं.

काका मोठ्यानं हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तिकडं पूर्वेले न्यूयॉर्क हाय," ते म्हणाले. "तिथलं जॅझ गरम. घाम काढणारं. अन् इकडं पश्चिमेले कॅलिफोर्निया. ऊन, समुद्र. तिथल्या लोकाईनं ते थंड केलं. काहीईनं तर बँडमधून पियानोच काढून टाकला, म्हणजे मधात जागा राहते. ड्रमवाला काडीनं मारत नाई, तारांचा ब्रश फिरवते. हा ट्रम्पेटवाला आयक, गाल फुगवतच नाई. कानात सांगितल्यासारखा वाजवते."

"पोट कसं भरायचे हे लोक?"

"दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. लिहून दिलं ते वाजवाचं, गुमान. सांजच्याले समुद्राकाठच्या क्लबात जाऊन आपल्या मनाचं. म्हणून तर बसवलेलं बी असते अन् मोकळं बी असते."

एक अल्टो सॅक्सोफोनवाला त्यांना फार आवडायचा. त्याचा आवाज कोरडा होता, पाणी न घातलेल्या कणकेसारखा. त्याच्याबद्दल बोलताना काकांचा आवाजही हळू व्हायचा. मग एकदा ते म्हणाले की पूर्वेकडचे लोक या संगीतावर नाक मुरडायचे. हे गोऱ्यांचं फिकट जॅझ आहे, काळ्या माणसांनी जे घडवलं ते उचलून यांनी इस्त्री केली आणि नाव आपलं लावलं, असं म्हणायचे. पश्चिमेला काळे वादकही होते, चांगले होते, पण फोटो छापून यायचे ते गोऱ्यांचे.

"म्हणजे ते बी चोरच," मी म्हटलं.

बाबांनी पटकन माझ्याकडं पाहिलं. काकांनी मोबाईल बंद केला.

त्यानंतर मी त्यांना वाजवायला सांगू लागले. शेजारचे येऊन बसायचे तेव्हा मुद्दाम सांगायचे, "काका, वाजवा ना. जहाजावर वाजवायचे तसं." काका म्हणायचे, थंडीनं कळांखालचे चामड्याचे पॅड आकसले आहेत, हवा सुटते. मी बँडमास्तरची मुलगी. बाबांचं क्लॅरिनेट मी थंडीत, पावसात, लाकडाच्या चुलीच्या धुरात वाजताना ऐकलं आहे. पॅड आकसले तर माणूस पॅडचं काहीतरी करतो. पेटीची दोरी सोडायलासुद्धा हा माणूस तयार नव्हता.

आणि मग एका सकाळी चहाचा कप देताना मी त्यांचा हात पाहिला. सॅक्सोफोनचा भार उजव्या अंगठ्यावर येतो. खाली एक आकडा असतो, तो अंगठ्यावर टेकतो आणि वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्या अंगठ्याला तिथं घट्टा पडतो. क्लॅरिनेटचंही तेच. बाबांचा घट्टा बँड मोडून इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही. काकांचा अंगठा साफ होता. मात्र मनगटापासून कोपरापर्यंत आडवे, पुसट, भाजल्याचे डाग होते. एकावर एक. भट्टीच्या दारातून हात आत-बाहेर करणाऱ्या माणसाला असे डाग पडतात.

मी कप देऊन शाळेत गेले. दिवसभर वर्गात फळ्यावर समीकरणं लिहीत होते आणि डोक्यात तो अंगठा होता.

दुपारी काका पेटी घेऊन तलावाच्या पाळीवर जायचे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. त्या शनिवारी मी घरी न जाता सरळ पाळीवर गेले. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, त्यामुळे लांबूनच दिसलं. काका मोहाच्या झाडाखाली बसले होते. पेटी उघडी. सॅक्सोफोन मांडीवर. कानात इयरफोन. ते फुंकत नव्हते. नुसत्या कळा दाबत होते. जवळ गेले तेव्हा कळांचा टपटप आवाज ऐकू आला.

मी त्यांच्या समोर उभी राहिले. त्यांनी इयरफोन काढले.

"जहाजावर तुम्ही वाजवत नव्हते," मी म्हटलं.

त्यांनी तलावाकडं पाहिलं. नाकारतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "किचनमधी होतो. पयले ताटं धुतली, मंग भट्टीवर. शेवटपर्यंत भट्टीवरच."

मुंबईत हॉटेलचे बँड बंद पडत चालले होते, ते सांगू लागले. दोन-तीन ठिकाणी वाजवलं, नंतर कुणी घेईना. जहाजावर बँडमध्ये जागा आहे असं सांगून एका एजंटनं त्यांना पाठवलं आणि तिथं गेल्यावर एप्रन मिळाला. किचनमधून हॉलमध्ये जाणाऱ्या दाराला गोल काच होती. हॉलमधला बँड त्याच पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीचं वाजवायचा. काका त्या दाराशी उभे राहून ऐकायचे. बँडचा म्हातारा प्रमुख कॅलिफोर्नियाचाच होता. तरुणपणी त्या समुद्राकाठच्या क्लबांत त्यानं मागच्या रांगेत वाजवलं होतं. रिकाम्या वेळी तो काकांना सगळ्या वादकांच्या गोष्टी सांगायचा, कुणाची फुंक कशी, कुणाचा स्वभाव कसा.

"त्यानं कधी बोलावलं नाई वाजवाले?"

"बोलावलं एकदा. फुंकलं मी. आपल्या बँडवाला आवाज निघाला. वरातीतला. सगळं हॉल भरलं." काकांनी सॅक्सोफोनवरून हात फिरवला. "त्यातलं कोणी हसलं नाई. हसले असते तं बरं झालं असतं. त्याच्यानंतर मी फुंकलंच नाई, बाई. नुसत्या कळा दाबून पाहातो."

मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. "मंग चोरला कायले हा बाजा? बँड मोडला तुमच्यापायी. बाबाईनं मिलमधी पोती मोजली."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला एक पाऊल मागं घ्यावंसं वाटलं. रागानं नव्हे, ते मला निरखत होते. मला किती ठाऊक आहे ते बघत होते.

"दादाले विचार," एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली आणि दोरी बांधायला घेतली.

मी बाबांना विचारलं नाही. बाबांवर माझा त्या दिवशी भरवसा उरला नव्हता. फोनचे राँग नंबर, ताटातला मासा, मी आले की थांबणारं बोलणं. रविवारी मी बसनं तुमसरला गेले. बँडमधले ट्रम्पेटवाले आजोबा तिथं मुलाकडं राहतात. बाबांपेक्षा वयानं मोठे. तोंडात कवळी, डोळ्यांना मोतीबिंदूचा चष्मा. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

काका आले आहेत हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाजा हाय का त्याच्यापाशी?"

"हाय."

"म्हणजे इकला नाई." ते पुढं सरकून बसले. "आयक माय. तुहा काका गेला त्या दिवशी मी तुमसर रोड टेसनवर होतो. सासुरवाडीहून येऊन राहिलो होतो. गाडीतून उतरलो अन् पाहिलं, पलीकडच्या फलाटावर तुहा बाप उभा. बाजाची पेटी त्याच्याच हातात. त्यानंच गाडीत चढवली. तुहा काका खिडकीत रडून राहिला होता."

"मंग बाबाईनं चोरी कायले म्हटलं?"

"तेच तं! आठ दिवसानं आम्हाले बोलावते अन् म्हणते, भावानं चोरला. मले वाटलं, दोघाईनं मिळून इकला अन् आमच्या डोळ्यात धूळ टाकून राहिला. मी तोंड उघडलं नाई. तो मास्तर होता. पण त्याच्यासंगं वाजवाचं मन नाई झालं. मी सोडलं. माह्यामागं बाकीच्याईनं सोडलं."

म्हणजे बँड काकांच्या जाण्यानं मोडला नव्हता. यांच्या शंकेनं मोडला होता आणि ती शंका बाबांनी स्वतः पेरली होती. परतीच्या बसमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली आणि मी बाहेर काहीच पाहिलं नाही. आजोबा खरं बोलत असतील का, की जुना राग काढत असतील, हेच उलटसुलट करत राहिले.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "तुमसर रोडले पेटी गाडीत कोणं चढवली होती?"

बाबांचे हात थांबले नाहीत. त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"मी," ते म्हणाले.

"मंग चोर काहून म्हटलं?"

"बाजा सगळ्याईचा होता. मागितला असता तं नाईच म्हटलं असतं त्याईनं. अन् बरोबर म्हटलं असतं. मी दिला हे सांगितलं असतं तं मास्तरनं आपल्या भावाले सगळ्याईचा बाजा देला, असं झालं असतं." त्यांनी दाणे टोपलीत टाकले. "त्याच्या फुंकीत होतं ते माह्या फुंकीत नव्हतं. हे मले लहानपणापासून मालूम होतं. इथं वरातीत त्याचं काय झालं असतं? त्यानंच म्हटलं, दादा, मले चोर म्हण. मी म्हटलं. तिकडं तो वाजवून राहिला, येवढ्यावर मी राहिलो."

मी चप्पल काढली. बाबा ज्यावर राहिले होते ते खोटं आहे, हे मला शनिवारपासून माहीत होतं. सांगावं की नाही हे ठरवायची वेळ माझ्यावर आली नाही. काका आतून दारात येऊन उभे होते. किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक.

"दादा," ते म्हणाले, "मी वाजवलं नाई तिकडं. किचनमधी होतो."

बाबांनी वर पाहिलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग काकांनी बाह्या वर करून हात पुढं केले आणि बाबांनी ते डाग पाहिले, अंगठा पाहिला. इतके दिवस त्यांनी पाहिले नसतील असं मला वाटत नाही. पण पाहणं आणि मानणं यात बाबांच्या बाबतीत बरंच अंतर असतं.

"फोनवर सांगत होता ते?"

"बँड वाजवाचा ते सांगत होतो. म्हणायचो मी वाजवतो."

बाबा उठले. टोपली लवंडली, दाणे अंगणभर झाले. "मंग मी तुले चोर कायले म्हटलं?" ते ओरडले. त्यांचा इतका मोठा आवाज मी बँड मोडल्यापासून ऐकला नव्हता. "येवढी वर्सं मी सख्ख्या भावाले चोर म्हटलं, ते ताटं धुवाले?"

काका खाली बसून दाणे गोळा करू लागले.

त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. काका पाळीवर जाईनात. मोबाईल वाजेना. एकाच घरात दोघं माझ्याकरवी बोलायचे. बाबा म्हणायचे, त्याले चहा पाहिजे का विचार; काका म्हणायचे, दादाले सांग, झाला माहा. मला वाटू लागलं की एक दिवस मी शाळेतून येईन आणि काका, बॅग, पेटी काही नसेल. रोज फाटक उघडताना आधी खाटेखाली डोकवायचे.

आणि एक दिवस खरंच पेटी नव्हती. काकाही नव्हते. पण बाबाही नव्हते आणि भिंतीवरच्या खुंटीवरचं बाबांचं क्लॅरिनेटही नव्हतं. शेजारीण म्हणाली, दोघं दुपारी ऑटोत बसून तुमसरकडं गेले.

मी मागोमाग गेले. आजोबांच्या घरी पोचले तेव्हा तिघं ओसरीवर बसले होते. सॅक्सोफोन मधल्या चटईवर ठेवलेला. नंतर आजोबांच्या सुनेनं सांगितलं ते असं. बाबांनी आल्या आल्या पेटी आजोबांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, मी दिला होता, यानं चोरला नव्हता, आता हा तुमचा. आजोबा खूप बोलले. शिव्याही दिल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी आजोबा म्हणाले की बँडमधलं आणखी कोणी उरलं नाही, मी एकट्यानं याचं काय करू, यानं वाजवून दाखवावा.

काका नको नको म्हणत होते. मी पोचले ती त्याच वेळी.

"फुंक," बाबा त्यांना म्हणाले. भांडणानंतर ते काकांशी थेट बोलले ते हेच.

काकांनी फुंकलं. पहिल्यांदा हवाच निघाली, पॅड खरंच खराब होते. मग एक सूर आला. वरातीतला नव्हता, कारण तेवढा दम आता त्यांच्यात उरला नव्हता. बाबांनी क्लॅरिनेट लावलं. त्यांना धाप लागते म्हणून ते दोन-चार सूर वाजवून थांबायचे. आजोबांनी सुनेकडून ट्रम्पेट मागवलं. कवळीमुळं त्यांना जोरात फुंकता येत नव्हतं, ओठ सरकायचे. एक थांबला की दुसरा शिरायचा. जयंतीला वाजवायचे तीच जुनी चाल होती, पण इतकी हळू की रस्त्यावरचे ट्रक गेले की ऐकू यायची नाही.

"हेच," काका ट्रम्पेटकडं बोट दाखवून मला म्हणाले. "हेच ते. गाल फुगले नाई, पाह्यलं?"

ते मनापासून म्हणाले की तिन्ही म्हाताऱ्यांची अब्रू राखायला, हे मला कळलं नाही. आजही मी खात्रीनं सांगू शकत नाही. ते पद्धत म्हणतात, मला दम कमी वाटतो.

आता दर रविवारी ते तुमसरला जातात. काकांनी पॅड नागपूरहून बदलून आणले. घराच्या हिश्श्याचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही. काढतील, असं मी अधूनमधून बाबांना सांगते आणि बाबा म्हणतात, काढू दे. उन्हाळ्यात आजोबांच्या नातीचं लग्न झालं. डीजे यायला उशीर होता, म्हणून तिघांना मांडवात बसवलं. पाहुणे जेवत होते. माझ्या शेजारच्या बाईनं ऐकून घेतलं, पापड मोडला आणि विचारलं, "हे बाजे तपासून राहिले काय? सुरू कधी करतीन?"

बाबांनी ते ऐकलं. क्लॅरिनेट तोंडातून काढलं, त्या बाईकडं एकदा पाहिलं आणि पुढची चाल आणखी हळू घेतली.